बॅटरी मेली होती, मी नव्हे!

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. भंगार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.

२००३ साली मी हिंजवडीच्या एका कंपनीत रुजू झालो. वजन असे की मला खांद्याला लावून माझ्या मालकाचा, तिथल्या सौमित्रचा, एक खांदा चार बोटे खाली गेला. मी तापलो की मांजरे पोटाखाली येऊन झोपत. एकदा कंपनीची बस चौकात इतकी अडकली, की वाकड येईपर्यंत बसमध्ये दोन लग्ने जमली आणि तोवर माझी बॅटरी निम्मीसुद्धा उतरली नव्हती. खोटे वाटत असेल, तर त्या जोडप्यांना विचारा.

पुढे सौमित्रला नवा लॅपटॉप मिळाला आणि मी कोथरूडला त्याच्या आत्याकडे, द्वारकाबाईंकडे आलो. बाई दहावीच्या मुलांना भूमिती शिकवीत. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी बॅटरी काढली, खणात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. "वापरून झिजायला नको!" नवा टी-सेट पाहुण्यांसाठी ठेवतात, तसे.

तीन वर्षे मी नुसत्या वायरवर जगलो. लाइट गेले की मी जागीच गप्प, आणि बाईंनी काढायला घेतलेली, सेव्ह न केलेली आकृतीही गडप. अखेर बॅटरी कपाटातून बाहेर आली, तर ती चार्जच होईना.

"आत्या, हा मेलाय. रविवारी भंगारात देतो," सौमित्र म्हणाला.

"माझ्या सगळ्या आकृत्या त्याच्यात आहेत. तुझ्या त्या नव्या यंत्रात त्या उघडत नाहीत, हे तूच सांगितलंस ना?"

"बरं. गुरुवारी लाइट जातात. त्यात दोन तास चालला तर राहू दे. नाहीतर रविवारी मी पोतं घेऊन येतो."

पोते! मला!

बाई मला घेऊन तडक शनिवार पेठेत गेल्या. तिथे श्रद्धा लॅपटॉप दुरुस्त करी. ती बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. दुकानात पाटी होती : 'काय झाले ते सांगा. का झाले ते आम्ही सांगू.'

श्रद्धाने खण उलगडला आणि कपाळाला हात लावला. "बाई, बॅटरी आहे ही, लोणचं नव्हे. ठेवून मुरत नाही."

"मला भूमितीत चुका दाखवल्या नव्हत्यास कधी."

"तिथं मार्क तुमच्या हातात होते!"

तिने पाठीवरचा नंबर जुळवून नवी बॅटरी बसवली. जुनी कचऱ्यात न टाकता वेगळ्या डब्यात ठेवली. "आधी पूर्ण भरू द्या. मग रोज थोडी वापरा. अगदी शून्यावर नेऊ नका आणि कायम वायरलाही बांधून ठेवू नका. काढून ठेवायचीच झाली, तर अर्धी भरून ठेवा आणि मधूनमधून पाहा."

गुरुवारी दहाला लाइट गेले. सौमित्र मुद्दाम रजा घेऊन, घड्याळ काढून समोर बसला. बाई वर्तुळे काढू लागल्या. एक तास गेला. दीड तास. माझा पंखा असा घोंघावत होता, की समोरच्या सोसायटीतल्या लोकांनी पीठगिरणी सुरू झाली म्हणून डबे काढले. पावणेदोन तासांनी पडद्यावर इशारा आला : दहा टक्के.

बाईंचा हात थांबला.

"आत्या, उजेड कमी कर पडद्याचा!" सौमित्र एकदम ओरडला. "ते दुसरं सगळं बंद कर. आकृती तेवढी चालू ठेव. हां, अस्सं!"

मला पोत्यात घालायला आलेला माणूस मलाच वाचवू लागला! मग मी कशाला हटतो? दोन तास सात मिनिटांनी लाइट आले, तेव्हा मी चालूच होतो. पडद्यावर दोन टक्के दिसत होते. मी मात्र वीस सांगतो.

सौमित्रने घड्याळ मनगटाला बांधले. "चिवट आहे हं," तो पुटपुटला.

"रविवारी जेवायला ये," बाई म्हणाल्या. "रिकाम्या हातानं आलास तरी चालेल. पोतं नको."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल. त्याला जुना म्हणा, जड म्हणा, आम्ही ऐकून घेऊ. पण मेला म्हणण्याआधी त्याची बॅटरी बदलून, नीट भरून पाहा. आणि मग हिंमत असेल, तर त्याच्यासमोर बसून घड्याळ लावा.