तसबिरीमागची फाईल

मी एक जुनी निळी फाईल आहे. प्लास्टिकची. मित्रांनो, फाटकी छत्री, फुटकी पाटी, म्हातारा वड, या सगळ्यांनी आपापली गाऱ्हाणी तुमच्या वहीत लिहून घेतली. फाईलला कुणी विचारलं नाही. फाईलला विचारायची पद्धतच नाही. ती फक्त पुढच्या टेबलावर सरकवायची असते.

माझा जन्म सातिवलीच्या एका गाळ्यात झाला. आम्ही हजार बहिणी एकाच दुपारी जन्मलो, त्यामुळे बारशाचा प्रश्न आला नाही. बहुतेक जणी कचेऱ्यांत लागल्या आणि तिथे सुखाने झोपल्या. मला मात्र नंदाखाल गावच्या फेलिशियाबाईंनी घेतलं. त्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी माझ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, 'शर्ली सेबॅस्टियन लोपीस, वय १०'.

शर्ली त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या मानेत गाठ आली होती आणि ती कॅन्सरची निघाली. वर्षभर आम्ही तिघींनी मुंबईतल्या एका लहान हॉस्पिटलात खेटे घातले. कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला, सगळं माझ्या पोटात जात होतं. तिथले डॉक्टर म्हणायचे, "बाई, फाईल असावी तर अशी!" मी फुगले. पोटात कागदच तेवढे झाले होते, हे मला पुढे कळलं. शर्ली बरी झाली. गळलेले केस परत आले, तेही आधीपेक्षा कुरळे.

मग माझी नोकरी संपली. काही वर्षं कपाटात गेली. शर्ली मोठी व्हायला लागली तशी फेलिशियाबाईंना एकच चिंता लागली, पोरीचं लग्न. गावात पाणी शिरलं त्या पावसाळ्यात त्यांनी संधी साधली. मला दिवाणखान्यातल्या पवित्र हृदयाच्या मोठ्या तसबिरीमागे सरकवलं आणि घरात सांगितलं, "शर्लीचे सगळे कागद पुरात गेले." मी काही बारीक नव्हते. त्यामुळे तेव्हापासून तसबिरीतला येशू जरा पुढे झुकलेला दिसतो. पाहुणे म्हणतात, किती आस्थेने ऐकतोय!

सात वर्षं मी तिथे होते. रोज संध्याकाळी सातला घरचे माझ्यासमोर गुडघे टेकून रोझरी म्हणत. एवढी प्रार्थना दुसऱ्या कुठल्या फाईलच्या वाट्याला आली असेल असं वाटत नाही.

यंदाच्या जानेवारीत शर्ली पाळी चुकते म्हणून डॉक्टर सुहासिनींकडे गेली. ती आता पंचवीस वर्षांची होती आणि बोळिंजच्या जेन्सनशी तिचं लग्न ठरलं होतं. घरी येऊन तिने जे सांगितलं ते मी भिंतीवरून ऐकलं.

"मम्मी, डॉक्टर म्हणाल्या, अंडाशयातली बीजं वयाच्या मानाने फार कमी उरलीत. लहानपणच्या औषधाने असेल. तेच औषध एकीला सोसतं, एकीला नाही. बीजं लवकर संपणं घराण्यातूनही येतं म्हणे. त्यांना दोन गोष्टी हव्यात. मला कुठलं औषध किती दिलं, आणि आपल्यात कुणाची पाळी लवकर बंद झालीये का. तसं असेल तर थांबायचं नाही. बीजं आत्ताच काढून गोठवून ठेवायची."

"कागद पुरात गेले ना," फेलिशियाबाई म्हणाल्या.

"हॉस्पिटलही बंद पडलंय. तिथे आता सोफे विकतात. आणि आपल्यात कुणाचं?"

"कुणाचं नाही."

"विनीमावशीचं? तिला मूल नाही झालं ते?"

"तिला नजर लागली होती."

शर्लीचे वडील सेबॅस्टियन केळीच्या बागेतून नुकतेच आले होते. पाय पुसत ते म्हणाले, "नजरेचा रिपोर्ट कुठल्या लॅबमध्ये मिळतो, विचार डॉक्टरला."

शर्ली हसली. "सुटले बाई. मग घाई नाही, उद्याची अपॉइंटमेंट रद्द करते. लग्नानंतर दोन वर्षांनी बघू. साडेसातपर्यंत फोन उचलतात ते."

"आधी रोझरी," फेलिशियाबाई घाईने म्हणाल्या.

मित्रांनो, दोन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्या पोटात होती. रोझरीला वीस मिनिटं लागतात. सात वाजले होते. शर्लीने फोन गुडघ्याशीच ठेवला होता. मी भिंतीला चिकटून होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला खाली पडावंसं वाटत होतं. पण ती तसबीर सेबॅस्टियनरावांनी स्वतः ठोकली होती. त्यांचा खिळा कधी हलत नाही.

रोझरीचे पाच भाग असतात, त्यांना दशकं म्हणतात, आणि पहिल्या दशकापासून प्रत्येकात दहाच 'नमो मरिया' म्हणायच्या असतात.

"मम्मी, ही अकरावी," शर्ली कुजबुजली.

दुसऱ्या दशकात बारा झाल्या.

"आज दहावर दोन फुकट आहेत वाटतं," सेबॅस्टियनराव म्हणाले.

तिसऱ्या दशकात फेलिशियाबाई चौथीलाच थांबल्या. जपमाळ हातात तशीच. त्या माझ्याकडे बघत होत्या. सात वाजून चौदा मिनिटं झाली होती. मग त्या उठल्या, खुर्ची ओढली आणि वर चढल्या.

"अगं, त्याला कुठे उतरवतेस?" सेबॅस्टियनराव म्हणाले.

तसबीर खाली आली. तिच्यामागून मी आले. माझ्यामागून एक पाल आली.

शर्लीने मला उघडलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. "ही पुरात बरी सुकी राहिली."

"जेन्सनच्या घरी कळलं असतं तर?"

"जेन्सनला मी पहिल्याच भेटीत सांगितलंय, मम्मी. त्याच्या आईलाही. ती म्हणाली, बरी झालीस ना, मग जेवायला बस."

फेलिशियाबाई खुर्चीवर टेकल्या. "शेवटचा कागद काढ," त्या म्हणाल्या. "तो तुझा नाही. माझा आहे. माझी छत्तिसाव्या वर्षी बंद झाली. विनीची चौतिसाव्या. तिला गाव टोमणे मारायचं, म्हणून मी माझं कुणाला कळू दिलं नाही."

"मला म्हणालीस अशक्तपणा आहे," सेबॅस्टियनराव हळूच म्हणाले. "दोन वर्षं मी तुला कोंबडीचा रस्सा पाजला."

"चांगला होता."

शर्लीने फोन उचलला. तिने क्लिनिकला एवढंच विचारलं, "उद्या नऊच्या ऐवजी आठला आलं तर चालेल का?"

डॉक्टर सुहासिनींना मला वाचायला दहा मिनिटं लागली. जनुकांच्या तपासणीसाठी त्यांनी रक्त घेतलं. "ही तपासणी धोका सांगते, भविष्य नाही," त्या म्हणाल्या. "पण तिच्या निकालासाठी आपण थांबणार नाही. औषधाचा डोस मोठा आहे आणि आई, मावशी दोघींचं लवकर थांबलंय. एवढं पुरे आहे."

बारा दिवस इंजेक्शनं झाली. तेराव्या दिवशी शर्लीला आत नेलं. मी बाहेर फेलिशियाबाईंच्या मांडीवर होते. त्यांनी मला इतकं घट्ट धरलं होतं की माझा एक कोपरा कायमचा मुडपला. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आल्या.

"पाच मिळाली."

"पाच म्हणजे पुष्कळ की कमी?"

"कमी. मूल होईलच असं वचन मी देत नाही. पण दोन वर्षांनी कदाचित एकही मिळालं नसतं."

फेलिशियाबाई रडल्या. माझ्यावरच. प्लास्टिकची असण्याचा तेवढा फायदा.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझी एखादी बहीण असेल. कपाटावर, गादीखाली, देवामागे. तिला खाली काढा, पुसा आणि वाचा. जे तिच्यात लिहिलेलं नाही ते आईला विचारा, मावशीला विचारा. त्या म्हणतील, "आपल्यात कुणाला काही नाही." तेव्हा थोडं थांबा आणि पुन्हा विचारा. फार मात्र थांबू नका.