नेटीची अट आणि ऑरेस्टचे टायर

पहिला बर्फ पडला त्या सकाळी नेटीने बटाटे सोलता सोलता अट घातली. आवाज चढवला नाही, हातातली सुरीसुद्धा खाली ठेवली नाही. यंदाच्या हिवाळ्यात गाडी एकदा, फक्त एकदा, रस्त्याकडेच्या चरात गेली, की शेतावरचं घर बंद करायचं आणि यॉर्कटन शहरातल्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं. फ्लॅट लेकीने बघूनच ठेवला होता. तिसरा मजला, लिफ्ट, कोपऱ्यावर दवाखाना. कुत्रा चालणार नाही.

तिचा नवरा ऑरेस्ट पावलिचिन त्या घराच्या मागल्या खोलीत जन्मला, त्याला एकोणसत्तर वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावर माणूस करतो काय, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. खिडकीतून खाली बघायचं आणि लिफ्ट कधी बंद पडते त्याची वाट बघायची? पण बोलणार कुठल्या तोंडाने? मागच्या हिवाळ्यात गाडी तीनदा चरात गेली होती आणि तिन्ही वेळा एकाच वळणावर, नेस्टरच्या धान्याच्या कोठारांपाशी. तिसऱ्या वेळी शेजारी नेटी बसली होती, मांडीवर बोर्श्टचं, म्हणजे बिटाच्या साराचं, पातेलं घेऊन. तो बिटाचा लालभडक डाग गाडीच्या छताला अजून आहे.

दोष टायरांचा, असं ऑरेस्टचं म्हणणं. अगदीच खोटं नव्हतं, टायर पार गुळगुळीत झाले होते. मग नवे घ्यायचे ठरले. आता सांगतो, हा माणूस नेटीला बघायला गेला तेव्हा अर्ध्या तासात होकार देऊन, बटाटा भरलेल्या चार पेरोगी खाऊन परत आला होता. टायर बघायला त्याने सात आठवडे घेतले.

आमच्या डोब्रोपोल गावात कुठलीही गोष्ट विकत घ्यायची तर आधी ती सोसायटीच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर मांडावी लागते. खिडकीला लागून लांब टेबल, सकाळ-दुपार सात-आठ म्हातारे, मधोमध नेस्टर. शेती पोरांच्या हाती गेल्यापासून या मंडळींना मत देण्याखेरीज दुसरा उद्योग नाही. एक म्हणाला, टायर अरुंद हवा, बर्फ कापत जातो. दुसरा म्हणाला, रुंद हवा, बर्फावर तरंगतो. तिसऱ्याचं म्हणणं, मागे वाळूची दोन पोती टाका, बाकी सगळी दुकानदारांची नाटकं. नेस्टरने तर ऑरेस्टने गाडीच चालवू नये असं सुचवलं, म्हणजे आपल्या कोठारांना धोका नाही.

बोहदान सगळ्यांत शेवटी बोलला. बोहदान म्हणजे नेटीचा धाकटा भाऊ. लग्नाच्या भानगडीत कधी पडला नाही, आठवड्यातले चार दिवस बहिणीकडे जेवतो, आणि गाडी इतकी सावकाश चालवतो की मागचा माणूस वाटेत डबा उघडून जेवून घेईल. त्याची आणि ऑरेस्टची पिकअप सारखीच. दोघांनी एकाच दिवशी जोडीने घेतलेल्या, दोन्ही पांढऱ्या.

"दाजी, टायरच्या अंगावर शिक्का बघा," तो म्हणाला. "डोंगर, आणि डोंगरात हिमकण. तो असला तर घ्या. उणे तीसमध्ये नुसत्या खाचांनी काही होत नाही. रबर मऊ राहायला पाहिजे."

टायरवाल्यानेही तेच सांगितलं. वर असंही सांगितलं की सगळ्या जमिनींवर चालणारे, म्हणजे शेत-चिखल-खडी काहीही असो, असे टायरसुद्धा हिमकणाच्या शिक्क्याचे मिळतात, तेच घ्या, दोन्ही कामं होतील. ऑरेस्टला ते पसंत होते. हातही लावला होता. पण तेवढ्यात त्याच्या डोळ्यांपुढे मेव्हण्याचं तोंड आलं, कॉफीचा कप खाली ठेवून "मी म्हटलं नव्हतं?" म्हणणारं. झालं, बिनसलं. त्याने शेजारचे उचलले. मुठीएवढे रबराचे गोटे, बोटभर खाचा, अंगावर पांढरी अक्षरं. शिक्का नाही. हे खडकासाठी, चिखलासाठी आहेत, थंडीत कडक होतात, असं टायरवाला परोपरीने सांगत होता.

"कडकच पाहिजेत," ऑरेस्ट म्हणाला.

टायर बसले पाच जानेवारीला. सहा तारखेला जुन्या पंचांगाप्रमाणे आमच्या नाताळची आदली संध्याकाळ. बिनमांसाचे बारा पदार्थ, आणि पहिला तारा दिसल्याशिवाय कोणी चमचा उचलायचा नाही. कुत्या म्हणतात त्या गोड खिरीसाठी गहू शिजले, मध काढला, आणि नेटीच्या लक्षात आलं की खसखस संपली आहे. बाहेर उणे चौतीस. वारा सुटलेला, रस्त्यावरून बर्फ सापासारखा सरपटत होता. नेटी बाहेर बघून म्हणाली की राहू दे, अकरा पदार्थ करू. ऑरेस्टने तोवर टोपी घातलीसुद्धा होती. नवे टायर अंगणात उभे असताना बारावा पदार्थ चुकवायचा म्हणजे काय?

आमच्याकडे अशा थंडीत दुकानात जाताना गाडी कोणी बंद करत नाही. बंद केली की चालू होईलच याचा भरवसा नाही. तेव्हा त्या दुपारी सोसायटीच्या दारात सहा पिकअप धूर सोडत, चाव्या लावलेल्या उभ्या होत्या. चार पांढऱ्या. ऑरेस्ट खसखस घेऊन बाहेर आला, चष्म्यावर श्वासाची ही दाट वाफ धरलेली, आणि वारा तोंडावर असा आला की त्याने मान खाली घालून पहिला पांढरा दरवाजा उघडला, आत बसला आणि निघाला.

आणि काय सांगू, गाडी रस्ता सोडेचना. पहिल्या मैलावर त्याने जरा ब्रेक दाबून बघितला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. दुसऱ्या मैलावर त्याने वेग वाढवला. कोठारांचं वळण आलं तेव्हा हात घामेजले, वळण गेलं तेव्हा कळलंसुद्धा नाही. ऑरेस्टने गाडी मागे फिरवली आणि त्याच वळणावरून पुन्हा आला. मग नाताळचं गाणं म्हणत, तेही बेसूर, थेट अंगणात. यॉर्कटनची लिफ्ट त्याच्या डोळ्यांसमोर कायमची बंद पडली.

नेटी स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली होती. गाडी दिसली तशी उठली. बुर्को, म्हणजे त्यांचा कुत्रा, धावत गेला, मागचं चाक हुंगलं आणि त्यावर तंगडी वर केली. हा कुत्रा बाकी कसाही असो, घरच्या गाडीवर कधी तंगडी वर करत नाही. पाहुण्यांच्या गाड्यांवरच करतो. नेटीने कुत्र्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि खसखस घ्यायला हात पुढे केला.

"कसे काय आहेत टायर?" तिने विचारलं.

विचारायचा अवकाश, ऑरेस्ट सुटला. पकड कशी, ब्रेक कसा, वळण कसं. तेवढ्याने भागेना, म्हणून त्याने दुकानात फोन लावून नेस्टरला फोनवर बोलावून घेतलं आणि टेबलावरच्या सगळ्यांना सांगायला लावलं, की असे टायर डोब्रोपोलमध्ये आजवर कोणी लावले नाहीत, आणि हिमकणाचे शिक्के बघत फिरतात त्या म्हाताऱ्या बायका. पलीकडे बराच वेळ खोकल्याचे आवाज येत राहिले. नेटी खसखस वाटत होती. ती म्हणाली, की एवढी खात्री आहे तर पेंढीवर हात ठेवून सांग. कोपऱ्यात, नाताळात पूर्वजांच्या नावाने ठेवतात ती गव्हाची पेंढी उभी होती. ऑरेस्टने तिच्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली, की पुन्हा निवडायची वेळ आली तरी आत्ता ज्यांवर घरी आलो तेच टायर घेईन. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे खरं. पण बाब्या कोणता हे तरी माणसाने नीट बघावं.

तासाभराने अंगणात बर्फ लोटणारा ग्रेडर येऊन थांबला. तो चालवणारी मार्लीन उतरली आणि मागोमाग बोहदान, मिशांत बर्फ, विजारीला गुडघ्यापर्यंत बर्फ.

"दाजी, गाड्यांची अदलाबदल झालीय वाटतं," तो दारातच म्हणाला. "तुमची कोठारांपाशी चरात आहे."

ऑरेस्ट म्हणाला, की आपली गाडी अंगणात आहे. नेटी म्हणाली, की अंगणातली बोहदानची आहे, कुत्र्याने तासाभरापूर्वीच सांगितलं. ऑरेस्ट तसाच, कोट न घालता, बाहेर गेला. चाकापाशी वाकला आणि तळव्याने टायरच्या अंगावरचा बर्फ पुसला. डोंगर होता. डोंगरात हिमकण होता. तो आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, ते थंडीने की आणखी कशाने, देव जाणे.

अट सगळ्यांनाच ठाऊक होती, अगदी मार्लीनलासुद्धा. गाडी चरात गेली होती.

"चूक माझी," बोहदान बुटांकडे बघत म्हणाला. "जोरात होतो. टायर चांगले आहेत, ताई."

बोहदान आणि जोरात! ज्या माणसाला आयुष्यात कधी बैलगाडी मागे टाकता आली नसती, तो सांगत होता जोरात होतो म्हणून. बहीण यॉर्कटनला गेली की त्याची आठवड्यातली चार जेवणं जाणार, आणि मग जेवताना तो बोलणार तरी कोणाशी?

ऑरेस्टला एवढी थाप गिळून गप्प बसता आलं असतं. घर वाचत होतं, नाकही वाचत होतं. तो पेंढीकडे बघत उभा राहिला.

"लाकडं आहेत ती," तो शेवटी म्हणाला. "टायर नाहीत, लाकडं. याचे चांगले आहेत. घेताना मला माहीत होतं, नेटी. याचं ऐकायला नको म्हणून नाही घेतले."

नेटी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. तिच्या हाताला खसखस लागली होती, ती तशीच राहिली.

"मला चराची भीती नाही रे," ती म्हणाली. "चरात गेलेला माणूस निघतो. मला या खुर्चीची भीती वाटते. दोनदा इथे बसून अंधार पडेपर्यंत रस्ता बघितला मी. तिसऱ्या वेळी तुझ्याबरोबर आले, ती काय बोर्श्ट पोचवायला? पुन्हा इथे बसायला नको म्हणून आले."

ऑरेस्टला हे माहीत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे आपल्याला माहीत नसावं याची त्याला फार लाज वाटली. नेटी म्हणाली, फ्लॅट राहू दे, शिक्क्याचे टायर बसव. आणि मघाशी ज्यांना फोन केलास त्यांना आत्ता फोन कर. त्यातून सुटका नाही.

त्याने फोन लावला. सांगितलं, की मघाशी जे टायर वाखाणले ते मेव्हण्याचे होते. नेस्टर म्हणाला, ते आम्हाला तेव्हाच माहीत होतं. तू त्याच्या गाडीत बसलास ते इथल्या सगळ्यांनी खिडकीतून बघितलं.

"मग कोणी हाक का नाही मारली?"

"मी उठलो होतो," नेस्टर म्हणाला. "बोहदानने धरून बसवलं. म्हणाला, जाऊ दे, वारा फार आहे, माझ्या टायरांवर दाजी नीट घरी पोचतील."

ऑरेस्टने फोन खाली ठेवला. बोहदान अजून दारातच उभा होता आणि मिशीतला बर्फ काढण्यात गढून गेला होता. टेबलाशी एक जागा नेहमीप्रमाणे आगंतुकासाठी मांडलेली होती, तिथे नेटीने मार्लीनला बसवलं, तर बोहदानला खुर्ची उरेना. ऑरेस्टने खिडकीजवळची खुर्ची उचलली, आणली आणि आपल्या खुर्चीला लावून ठेवली.

"बस, म्हातारे," तो मेव्हण्याला म्हणाला.