पंधरा पावलांवरचा माणूस

"सपाट आरसा काढून फुगीर बसवलास, तर ड्रायव्हरला हाक मारून दाखव गं बाई. नुसता स्क्रू पिळून निघू नकोस."

मोठे मिस्त्री निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी बस डेपोत आरसे बसवणाऱ्या तिच्या कानांतून त्यांचा आवाज गेला नव्हता. पण त्या दिवशी ती नेमकी स्क्रू पिळूनच निघाली. सपाट आरसा फुटला होता, भांडारात फुगीरच उरला होता, आणि लेक तापाने फणफणली होती.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने तीच बस मागे घेतली आणि गाड्या धुणारे आजोबा चाकाखाली जागच्या जागी गेले.

"आजोबा पार भिंतीपाशी होते हो! आरशात बघूनच घेतली मी!" ड्रायव्हर सांगून सांगून थकला. लोक म्हणाले, "घेतली खरी, पण बस की बाटली?" त्याने जन्मात थेंबाला हात लावला नव्हता.

अपघाताच्या चौथ्या दिवशी तिने बसच्या शेपटापाशी शिडी उभी केली आणि स्वतः ड्रायव्हरच्या जागी बसली. आरशात पाहिलं. फुगीर आरसा जागा जास्त दाखवतो, पण सगळं लहान करून. सपाटाला सरावलेला डोळा मात्र लहान म्हणजे लांब, असंच धरून चालतो. पंधरा पावलांवरची शिडी चाळीस पावलांवर दिसत होती. थेट भिंतीपाशी.

"विस्तवात हात घालू नकोस," तिने सांगितलं तेव्हा फोरमन म्हणाला. "उद्या चौकशी, परवा सगळं थंड. नोकरी गेली तर काय, आरसे खाशील?"

संध्याकाळी ती ड्रायव्हरच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं.

"वहिनी, आरसा बदललाय हे भाऊंना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. उद्या चौकशीत मी येऊन सांगेन. शब्द देते."

वहिनी उंबऱ्यातच आडवी उभी राहिली.

"आज सुचलं, ताई? चार दिवस त्यांच्या पोटात घास नाही. पोरांना शाळेत खुन्याची पोरं म्हणतात." तिने पाणीसुद्धा विचारलं नाही.

आणि आजोबा तर कुणाच्याच सांगण्याने परत येणार नव्हते.

सकाळी तिने रोजची प्रार्थना केली, पण काही मागायला जीभ वळेना. कामाचा डबा भरला नाही. झोपलेल्या लेकीचं पांघरूण सारखं केलं, आवाज न करता दार ओढून घेतलं, आणि चौकशीच्या कचेरीची वाट धरली.