रेडिएटरवरची झूल

कुबातचा फोन आला तेव्हा शारशेन गाडीची काच पुसत होता. काच स्वच्छच होती, पण गाडी घेतल्यापासून त्याला तो चाळाच लागला होता.

"आबा," पुतण्या पलीकडून म्हणाला, "बाबांचं काही खरं नाही. तुम्हाला बोलावतायत. राजी व्हायचंय म्हणतात. आत्ताच निघा, उद्यावर टाकू नका."

राजी व्हायचं म्हणजे काय, हे शारशेनला कुणी सांगायला नको होतं. जाणाऱ्याने म्हणायचं, मी तुझ्यावर राजी आहे. राहणाऱ्यानेही तेच म्हणायचं. मनात काही अडकलेलं असेल तर ते तिथेच सुटतं. ते न बोलता गेलेला माणूस मागच्याच्या छातीवर बसून राहतो. आणि तोरोकान न् शारशेन या सख्ख्या भावांत अडकलेलं बरंच होतं.

भांडण घोड्यावरून. वडिलांच्या घोडीच्या वंशातला शेवटचा तांबडा घोडा शारशेनने विकला आणि ही जुनी गाडी घेतली. त्याचं अगदीच चुकलं असंही म्हणवत नाही. झुराचे गुडघे गेले होते. बायकोला नारिनच्या डॉक्टरकडे काय घोड्यावर बसवून न्यायचं? पण थोरल्याला विचारायला हवं होतं, आणि ते त्याने केलं नाही. तोरोकानने नात्यातल्या भर लग्नात, साऱ्या सोयऱ्यांसमोर सुनावलं, "त्या पत्र्याच्या डब्यातून माझ्या दारात येऊ नकोस." शारशेनही काही कमी हट्टी नव्हता. दोन हिवाळे तिकडे फिरकला नाही.

झुरा ओढणी बांधत बाहेर आली. "पुढची ती झूल काढा की. वसंत लागला."

थंडीत गाडीचं नाक झाकायची आमच्याकडे रीतच आहे. लोक पुठ्ठा लावतात. शारशेनने मात्र तांबड्याची जाड नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, झूल कापून जाळीमागे, रेडिएटरच्या पुढ्यात सुतळीने आवळून बसवली होती. घोडा गेला, निदान त्याची ऊब तरी कामाला येऊ दे, असं त्याचं म्हणणं.

"सकाळी अजून बादलीत बर्फ धरतो," तो म्हणाला. "परत आल्यावर काढतो. बस लवकर."

नदीकाठच्या सपाट रस्त्याला गाडी छान पळाली. शारशेन मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. आधी माफी मागायची की आधी पाया पडायचं? काय बोलायचं ते ठरेना.

"तुम्ही नुसतं 'बाइके' म्हणा," झुरा म्हणाली. "थोरल्या भावाला बाइके म्हटलं की पुढचं ते बघतील."

"तू गप्प बस गं."

"माझ्या गुडघ्यापायी हे सगळं झालं. मी कशी गप्प बसू?"



कारा-बेलच्या खिंडीचा चढ लागला आणि सूर्य डोक्यावर आला. वारा पडलेला. गाडी कुंथू लागली तसा शारशेनने पाय आणखी दाबला. तापमानाचा काटा वर सरकताना त्याला दिसला होता. वळणापलीकडे उतार लागेल, मग बसेल खाली, असं म्हणून त्याने काट्याकडे बघायचंच सोडलं. शेवटी बॉनेटच्या फटीतून वाफ उसळली आणि रस्ता दिसेनासा झाला.

बॉनेट उघडल्यावर त्याला सगळं कळलं. झूल रेडिएटरला घट्ट चिकटलेली, कडेने करपलेली. चढावर इंजिनाला वाऱ्याची एक झुळूक मिळाली नव्हती. त्याने सुतळी कापून ती ओढून काढली. स्वतःच्या हाताने बांधलेली गाठ, सुटता सुटत नव्हती.

खिंडीत चिटपाखरू नव्हतं. खाली ओढा वाहत होता, काठाला अजून बर्फ. शारशेनने डिकीतून रिकामा कॅन काढला आणि ओढ्यावर जाऊन भरून आणला.

"अहो, थांबा जरा," झुरा खिडकीतून म्हणाली. "निवू दे तिला. घोडा तापला तर थांबता ना तुम्ही?"

थांबायचा. जन्मभर थांबला होता. लहानपणी एकदा दौडवून आणलेला घोडा त्याने तसाच पाण्यावर नेला आणि तो घोडा पायांनी कायमचा अधू झाला. बापाचा चाबूक तोरोकानने स्वतःच्या पाठीवर घेतला. नंतर धाकट्याचा कान धरून म्हणाला, आधी बांधायचं, घाम वाळू द्यायचा, श्वास बसू द्यायचा, मग पाणी. तेव्हापासून शारशेनने हा नियम कधी मोडला नाही. अख्ख्या खोऱ्यातले लोक त्याच्याकडे घोडे तयार करायला पाठवत, ते यासाठीच.

"हे घोडं नाही," तो म्हणाला. "तिकडे माणूस चाललाय आणि मी इथे चहा पीत बसू?"

रेडिएटरचं झाकण फडक्याने फिरवताना उकळतं पाणी मनगटावर उडालं. तो कळवळला, पण थांबला नाही. ओढ्याचं बर्फासारखं पाणी त्याने कॅननेच आत ओतलं. इंजिनात कुठेतरी टक्क आवाज झाला. फार मोठा नव्हता. झुरालाही ऐकू आला.

त्याने किल्ली फिरवली. गाडी धडधडली, मागून पांढरा धूर सुटला आणि बंद पडली. पुन्हा फिरवली. पुन्हा. मग नुसतीच खटखट. तेल पाहायची पट्टी त्याने ओढून पाहिली, तर तिला दुधाळ फेस, तेलात पाणी शिरलेलं. तो चाकाला पाठ लावून खाली बसला. हातातली झूल त्याने तशीच धरून ठेवली होती.

 झुरा उतरून त्याच्या मनगटाला रस्त्याकडेचा बर्फ लावत बसली.

बऱ्याच वेळाने मेंढ्या भरलेला एक ट्रक वर आला. ड्रायव्हरने बॉनेटमध्ये डोकावलं, तेलाची पट्टी पाहिली आणि जीभ टाळूला लावून आवाज काढला. "इंजिनाच्या हेडला तडा गेला, आबा. गरम असताना गार पाणी ओतलंत ना? जरा दम धरला असतात तर एवढ्यात उतरून गेला असतात की खाली."

"ठाऊक आहे," शारशेन म्हणाला.

गाडी तिथेच सोडून दोघं ट्रकात चढली. उतारभर मेंढ्या ओरडत होत्या. शारशेन पुढे वाकून बसला होता, जणू तेवढ्याने ट्रक जोरात पळणार होता. झुराने त्याचा हात धरला, तो त्याने सोडवून घेतला आणि थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा तिच्या हातात दिला.

शेवटच्या वळणावरून तोरोकानचं अंगण दिसलं.

मयत झालं की आमच्याकडे अंगणात युर्ता, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, उभारतात. मढं तिच्यात ठेवतात. अंगणात युर्ता उभी होत होती. लाकडाचा सांगाडा लागला होता, वरचं गोल कडं चढवत होते, आणि नमद्याच्या गुंडाळ्या अजून बाजूला जमिनीवरच पडलेल्या होत्या. म्हणजे नुकतंच. अगदी नुकतंच. खिंडीत इंजिन निवायला जेवढा वेळ लागला असता, त्यानंतर निघूनही भावाला जिवंत गाठता आलं असतं.

रीतीप्रमाणे पुरुषाने दुरूनच हंबरडा फोडत धावत जायचं असतं. शारशेन उतरला. धावणं सोडाच, त्याच्या घशातून आवाजही फुटेना. कुबातच पुढे आला आणि त्याने चुलत्याला सावरलं.

"राजी आहे म्हणाला का रे?" शारशेनने विचारलं.

कुबातने नकारार्थी मान हलवली. "आम्ही म्हटलं, निरोप सांगा, आम्ही पोचवतो. तर म्हणाले, नाही, तो येऊ दे. त्याच्या तोंडावर म्हणीन."

"मग?"

"मग शुद्ध जाऊन-येऊन होती. तुम्ही गाडीने येताय हे सांगितलं, पण कळलं नसावं. अंगणातला खुंटा रिकामा करून घेतला. म्हणाले, शारशेन येतोय, दौडतच येईल, त्याला धीर कुठला. त्याचा घोडा तापलेला असेल. आल्या आल्या पाणी दाखवू नका."

खुंटा खरंच रिकामा होता. बाकीची घोडी कुणीतरी पार कुंपणापाशी नेऊन बांधली होती. शारशेन चालत खुंट्यापाशी गेला, हातातली करपलेली झूल त्याने त्यावर टाकली, आणि मग त्याच्या तोंडून आवाज फुटला.

"बाइके," तो ओरडला. "बाइके, मी पाजलं रे."