ताईंच्या घड्याळातले नऊ

फ्रीज खाकरला, तशा आम्ही दोघी दचकलो. भाड्याच्या खोलीतला तो जुनाट फ्रीज मधूनच असा आवाज करायचा. मी पलंगाच्या कडेला पोटावरचा कपडा वर धरून बसले होते आणि ताई स्पिरिटचा बोळा फिरवत सुईसाठी न दुखणारी जागा शोधत होत्या.

"मेल्याला नेमका आत्ताच खोकला आला," फ्रीजकडे बघत त्या म्हणाल्या. "श्वास धर."

सुई कधी आत गेली ते कळलंसुद्धा नाही. माझ्या या नणंदबाई शिवणकाम करतात. शाळांचे गणवेश, तेही ढिगाने. क्लिनिकमधल्या नर्सने इंजेक्शन कसं द्यायचं ते एकदाच दाखवलं होतं. ताईंनी दुसऱ्या दिवशी असं दिलं, की जणू काजं-बटणंच करताहेत. मला तर सुईकडे बघवतसुद्धा नाही.

"आत्या आईला टाके घालतेय," खाली जमिनीवरून खारू म्हणाली. खारू म्हणजे माझी लेक. दोन दात पुढे आणि हातात कायम काहीतरी, म्हणून घरात सगळे तिला खारूताईच म्हणतात.

"हो गं, तुझी आई उसवलीय थोडी," ताई म्हणाल्या.

ताईंनी तिच्यासाठी उरल्यासुरल्या बटणांचा डबा सोबत आणला होता. या परक्या गावात तोच तिचा सगळा खेळ. बटणांची ती माणसं करायची. मोठं तपकिरी म्हणजे आजी, पितळेचं बाबा, चार भोकांचं निळं मी. फरशीच्या रेघेवर आमच्या घराची एक ओळ, खाली आत्याच्या घराची दुसरी. दुसऱ्या ओळीत दोनच बटणं होती. ती बघताना मला कसंतरी व्हायचं, म्हणून मी छताकडे बघायची.

ताईंना मूल होत नव्हतं. वर्षानुवर्षं सगळे उपाय करून झाले. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, तुमचं स्त्रीबीज काही कामाचं नाही, दुसऱ्या कुणाचं घ्यावं लागेल. आमच्याकडे तो खर्च ऐकूनच ताईंचे यजमान, म्हणजे भाऊजी, मटकन खुर्चीत बसले. मग कुणीतरी या देशाचं नाव सुचवलं. इथे तेच उपचार त्यांच्या आवाक्यातले होते, आणि बीज घरातल्याच कुणाचं असेल तर आणखी सोपे. एका दुपारी ताई माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि उगाचच ओटा पुसायला लागल्या. मी ओळखलं. त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच मी हो म्हणाले.

खारूचा बाबा एवढंच म्हणाला, "तुला वाटतंय तर दे. पण मग नंतर झुरायचं नाही."

विमानात ताईंनी माझा हात धरला. "आईला कळता कामा नये. कुणालाच नाही. बाळ माझं म्हणजे माझंच. तूसुद्धा मनात दुसरं काही आणायचं नाहीस."

"नाही आणणार," मी म्हणाले. स्वप्न पडू देणार नाही असं कुणाला वचन द्यावं, तसं ते होतं.

भाऊजी दोन दिवस येऊन, आपल्या वाटचं उरकून परत कामावर गेले. "पुरुषांचं बरं असतं," ताई म्हणाल्या, "हजेरी लावली की सुटले." आम्ही राहिलो. सासूबाईंना वाटत होतं, की ताई पाठीच्या दुखण्यासाठी जवळच्याच शहरात आहेत आणि मी सोबतीला. पहिल्याच दिवशी फोनवर ताई बोलून गेल्या, "आत्ताच उठतोय," आणि तिकडे तर सूर्य चांगला वर आलेला. सासूबाईंनी विचारलं, "पाठ दुखते की डोकं?" तेव्हापासून ताईंनी मनगटावरचं घड्याळ घरच्या वेळेला लावून ठेवलं. दोघींचे फोनही तसेच. खोटं बोलायचं तर एकाच घड्याळाने बोलावं, असं त्यांचं म्हणणं. क्लिनिकला जाताना त्या दोन तास वजा करायच्या. रोज बरोबर करायच्या.

त्या संध्याकाळचं इंजेक्शन शेवटचं होतं. नर्सने बजावलं होतं: बरोबर नऊला, मागे-पुढे नाही. त्यावरच परवा बीजं काढायची वेळ ठरलीय.

ताई दुपारपासून घड्याळ बघत होत्या. सुई बाहेर काढून त्यांनी बोळा दाबला आणि म्हणाल्या, "नऊ. झालं बाई." मग माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात पाव आणायला गेलो. इंजेक्शन नाही म्हणून मला सुट्टी लागल्यासारखं वाटत होतं. खारू नुकतीच घड्याळ शिकलेली. भिंतीवर काटे दिसले की ती वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

"आत्या, या काकांचं घड्याळ मागे पडलंय. तुझ्यात तर नऊ वाजलेत."

"मागे नाही गं, इथली वेळच ती," ताई म्हणाल्या आणि थांबल्या. पाव त्यांच्या हातात तसाच राहिला. "अगं, काल मी तुला सुई किती वाजता दिली?"

"नऊला. तुम्हीच म्हणालात की."

"कुणाच्या नऊला?"

इथे तेव्हा सातच वाजले होते. दुकानदार सुटे पैसे पुढे करत उभा होता. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो, पण दिसत काहीच नव्हतं.

बाहेर पायरीवरच ताई बसल्या. "सांगायचं नाही. दोन तासांनी काय होतंय?"

"ताई, सुई आधी दिली की बीजंही काढायच्या आधीच सुटून जातात. त्यांनीच चित्र काढून दाखवलं होतं."

"ते रद्द करतील. म्हणतील, घड्याळ बघता येत नाही आणि निघाल्यात पोर जन्माला घालायला." त्यांचा आवाज चिरकला. "मला परत येता येणार नाही गं. होतं नव्हतं ते यात घातलंय. आणि तुला पुन्हा कुठल्या तोंडाने विचारू?"

"आत्ता सांगितलं तर काहीतरी करतील. नाही सांगितलं तर रद्द करायलाही काही उरणार नाही. उठा."

"थांब ना जरा."

"नाही थांबायचं. माझी बीजं मला अशी वाया घालवायची नाहीत!"

शब्द सुटला तो सुटला. ताईंनी वर बघितलं. "तुझी," त्या म्हणाल्या. रागाने नाही. माप घेताना आकडा पुन्हा एकदा उच्चारतात, तसं. मग उठल्या, खारूचा हात धरला आणि माझ्यापुढे चालायला लागल्या.

क्लिनिकमध्ये जाऊन मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. नर्स उंच, गळ्यात साखळीला चष्मा. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग ताईंच्या मनगटाकडे, आणि आत गेली. आम्ही बाकावर. ताई पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारखा करत होत्या. घरून निघताना सोयीचे कपडे घालून आलेल्या, पण हाताची सवय जात नव्हती. खारूने विचारलं, "आत्या, तुला शिक्षा होणार?"

नर्स बाहेर आली. "आज आलात ते बरं केलंत. उद्या तुमचा नंबर सर्वांत आधी. क्लिनिक उघडायच्याही आधी या." मग चष्मा नाकावर चढवून म्हणाली, "डुलकी लागली म्हणून उशीर करणाऱ्या पुष्कळ बघितल्या. घरून वेळ बांधून आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"सगळी मिळतील ना?" मी विचारलं.

"ते उद्याच कळेल," ती म्हणाली.

परतताना ताईंनी रस्त्यात उभं राहून घड्याळाची कळ ओढली आणि काटे मागे फिरवले. दुपारी सासूबाईंचा फोन आला, तेव्हा ताईंच्या घड्याळात इथलीच वेळ होती.

"पाठ कशी आहे?"

"आज जरा धरलीय, आई."

"सुनेला फार राबवू नकोस हो. तुझ्या दुखण्यापायी तिचे बिचारीचे हाल. तिचं ऋण कसं फेडशील?"

ताईंनी फोन माझ्या हातात दिला आणि नळ सोडून भांडी घासायला लागल्या. भांडी आधीच घासलेली होती.

दुसऱ्या दिवशी मला गुंगीतून जाग आली तेव्हा पोटात कुणीतरी ओली गाठ मारून ठेवल्यासारखं वाटत होतं. पडदा लावलेली छोटी खोली, माझ्या पायाशी ताई आणि खाली खारू. तिने इथेही डबा आणला होता. बटणं फरशीवर मांडल्याचा टिकटिक आवाज येत होता.

"किती मिळाली?" मी विचारलं.

"थोडी. बरीचशी आधीच निसटली होती म्हणाले." ताईंनी माझं पांघरूण सारखं केलं. "पण आहेत. जुळली तर या आठवड्यात माझ्या पोटात ठेवतील."

मला हसायचं होतं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कशाचं होतं कोण जाणे. निसटलेल्यांचं असेल. ताईंनी ते बघितलं.

"काल तू 'माझी' म्हणालीस."

"घाईत बोलून गेले, ताई."

"घाईतच खरं बाहेर येतं." त्या पांघरुणाचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होत्या. "तू म्हणालीस म्हणून मी उठले. नाहीतर बसून राहिले असते त्या पायरीवर. पण रात्रभर तेच डोक्यात. उद्या त्याला तुझ्यासारखी हनुवटी आली, तर? जेवताना समोर बसेल रोज. मी काय करू?"

"खारूला तुमचं नाक आलंय. जन्मल्यापासून सगळे म्हणताहेत, आत्यावर गेलीय. मी काय करते?"

"काय करतेस?"

"पुसते. वाहतं तेव्हा."

ताईंना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी तोंडावर हात दाबला आणि खांदे हलत राहिले. हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे लागलं ते मला सांगता येणार नाही. मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला, पण विमानात धरला होता तसा नाही. तेव्हा त्या मागत होत्या, आता घाबरल्या होत्या.

"तू विसरशील ना?" त्या हळूच म्हणाल्या.

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"आई," खारू पलंगाशी येऊन उभी राहिली. तिच्या तळहातावर एक मोत्यासारखं बटण होतं, डब्यातलं सगळ्यांत लहान, बाळाच्या झबल्याचं. इतके दिवस आमच्या मधे बसून तिने काय काय ऐकलं होतं, ते मला तेव्हा कळलं. "हे आत्याचं बाळ. पण ते तुझ्या पोटातून काढलंय ना?"

ताईंचा हात माझ्या हातात थंड पडला.

खारूने वाकून फरशीवरच्या दोन्ही ओळींकडे बघितलं, एकदा वरच्या, एकदा खालच्या. मग ते बटण माझ्यापुढे धरून विचारलं, "मग मी याला कुणाच्या ओळीत ठेवू?"