बिनआवाजाची गाडी

बनुबाई पोलीस चौकीच्या बाकावर बसून पदराला लागलेलं रक्त तांब्यातल्या पाण्यानं चोळत होती. डाग निघायचं सोडून पसरत चालला होता. टेबलापलीकडं जमादार धोंडिरामाचा जबाब ऐकत होता.

"बैलगाडी मधीच आली, सायब. मी काय करनार?"

"आणि गाडीवान?"

"झोपला आसंल. गाडीवानाचं काय, बैलं वाट वळखत्यात. ह्ये बिनघोर झोपत्यात."

बनुबाईचा हात थांबला. धोंडिराम तिच्याकडं बघत नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून बोलत होता.

धोंडिराम म्हणजे तिच्या लेकीचा, अंजनाचा, थोरला दीर. विट्याहून कराडला गुळाच्या ढेपा नेणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर. सकाळी फाट्यावर त्यानंच आपण होऊन गाडी थांबवली होती. "मावशी, घरची गाडी आसताना यष्टीची वाट कशाला बगताय?" म्हणून तिला केबिनमध्ये बसवलं होतं. ती अंजनाला बाळंतपणाला आणायला निघाली होती. मांडीवर ओटीचं गाठोडं. हिरवं लुगडं, खण, नारळ.

मागच्या खेपेला विहीणबाईनं अंजनाला माहेरी धाडलं नव्हतं. ऊस तुटत होता, कामाला माणूस नव्हतं. पोरीला शेतातच कळा सुटल्या आणि मूल हाती लागलं नाही. औंदा बनुबाईनं किती निरोप धाडले, किती पाया पडली, तेव्हा कुठं विहीणबाईनं 'न्या' म्हटलं होतं. तेही तोंड वाकडं करून.

घाटमाथ्यावर धोंडिरामानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. डिझेल महागल्यापासून या रस्त्यावरचे कितीतरी ड्रायव्हर तेच करायचे.

"आता कराडच्या रानापातूर फुकाट, मावशी," तो हसत म्हणाला होता.

भरलेला ट्रक आपसूक उताराला लागला. घरघर नाही, काही नाही. बनुबाईला तर मौजच वाटली होती. हसली होती ती, मेली! वळण सरलं आणि पुढं बैलगाडी दिसली. गाडीवान बैलाचा कासरा धरून शेजारून चालला होता. त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. धोंडिराम ब्रेकवर उभाच राहिला, पण बंद गाडीचा ब्रेक कितीसा लागणार? हॉर्न वाजला तेव्हा ट्रक गाडीला भिडला होता.

एक बैल जागीच गेला. गाडीवानाचा पाय चाकाखाली सापडला. गुंडा त्याचं नाव, हे नंतर कळलं. बनुबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शुद्ध जाईपर्यंत तो एकच सांगत होता. "आवाजच न्हाई आला गं, बाई. आवाज आला आसता तर सरलो नसतो व्हय?"

"बाई," जमादारानं आता तिच्याकडं मान वळवली, "तुम्ही केबिनमध्ये होता. काय बघितलं?"

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. 'मी डोळं झाकलं हुतं,' एवढं म्हटलं की सुटली असती. घरी विहीणबाई वाट बघत असणार. ज्या बाईनं साध्या कामापायी सून अडवून धरली, ती थोरल्या लेकाला आत घालणारीच्या हाती सून देईल? आणि पुन्हा तसंच झालं तर?

ती पुन्हा पदर चोळायला लागली. धोंडिरामानं हळूच श्वास सोडला.

"बरं, मला सांगा," जमादार पेनानं कान खाजवत म्हणाला, "एवढी लोड गाडी घाट उतरतेय. आवाज कोसभर जातो. गाडीवान जागा असता तर बाजूला झाला नसता? झोपलेलाच तो. असंच लिहितो."

"मंग त्येच्यावरच केस व्हनार?" बनुबाईनं विचारलं.

"मग काय ट्रकवर करू? बैल गेला, तिकडं दवाखान्यात पाय जायच्या वाटेवर, वर केस. ज्याचं त्याचं नशीब."

जमादारानं कागद पुढं ओढला. बनुबाई उठून उभी राहिली. तिनं टेबल धरलं.

"सायब, त्यो झोपला न्हवता. कासरा धरून चालत हुता."

"मग बाजूला का झाला नाही?"

"आवाज कुटं हुता? गाडी बंद करून सोडली हुती."

धोंडिरामानं टोपी काढली आणि मुठीत चुरगाळली. बनुबाईला त्याच्याकडं बघवेना. केलंस गं, बने, पोरीचं वाटोळं केलंस, असं तिच्या मनात येत राहिलं.

"नाव सांगा, बाई. जबाब घेतो."

"त्यांचं नाव नगा घालू," धोंडिराम एकदम म्हणाला. "मी सांगतो. इंजान मीच बंद केलं हुतं. ब्रेक लागला न्हाई. गाडीवानाची काय चूक न्हाई."

"आणि मघाशी?"

"मघाशी खोटं बोललो."

जमादारानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि लिहायला घेतलं.

जबाब संपल्यावर जमादाराची परवानगी काढून धोंडिराम तिच्यासोबत रस्त्यापर्यंत आला. एक शिपाई मागं उभा राहिला. कराडची एसटी आली तशी धोंडिरामानं हात केला, बनुबाईला चढवलं आणि गाठोडं खिडकीतून आत दिलं.

"पावणं, मला..." तिनं खिडकीचा गज धरला.

"मावशी, ऐका. आईला सांगा, धोंड्या आपल्या तोंडानं कबूल झाला. तुमी काय बोललाच न्हाई. आई अंजनाला धाडायची न्हाई, न्हाईतर."

"आन तुमचं?"

"माजं काय? त्यो मानूस जगू दे, म्हंजे झालं."

एसटी हलली.

दिवस मावळायच्या आधी ती अंजनाच्या सासरच्या वाडीत पोचली. बातमी तिच्या पुढं धावली होती. विहीणबाई दारातच उभी होती, रडून डोळे लाल. मागं चौकटीला धरून अंजना, पायाशी भरलेली पिशवी.

"धोंड्यानं म्हनं आपल्या तोंडानं सांगितलं," विहीणबाई म्हणाली. "गाडीत तर तुमीबी हुता. तुमी काय बोलला पोलिसास्नी?"

बनुबाईनं पदर सावरला. रक्ताची बाजू आत गेली.

"मी काय बोलनार, इहीणबाई? बायामानसाला कोन इचारतंय?"

विहीणबाईनं पदरानं डोळे पुसले. मग वाटेतून बाजूला झाली. बनुबाईनं आत जाऊन अंजनाची पिशवी उचलली.