सरांच्या घरीही फक्त इंग्रजी

सरांनी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं आणि तेवढ्या काळात एकही इंग्रज पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर परदेशातल्या एका इंग्रजीच्या क्लासची जाहिरात बघून त्यांनी अर्ज केला, तेव्हा त्यांचे थोरले भाऊ म्हणाले, "या वयात?" वहिनी, म्हणजे मामीच्या थोरल्या जाऊबाई, म्हणाल्या, "मामीला तरी ठेवून जा, भावजी. सकाळच्या चहाचं कोण बघणार?"

या वाक्यानंतर मामीने बॅग भरायला घेतली.

मामी म्हणजे सरांची बायको. भाचे नसलेलेसुद्धा तिला मामीच म्हणत. नव्या देशात त्यांना तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. स्वयंपाकघर एवढंसं, की आत एकाने वळायचं तर दुसऱ्याने बाहेर जायचं. पण ओट्यासमोर खिडकी होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मामीच्या मिठाच्या बरणीला दुसऱ्या कुणाचा हात लागत नव्हता. करार वर्षाचा. पालकांची मर्जी असली तर पुढे वाढणार. नाही वाढला, तर परत जाऊबाईंचा ओटा. मामी रोज भांडी घासताना पालकांच्या मर्जीसाठी प्रार्थना करी.

क्लासच्या संचालकांचा एक सिद्धांत होता. शिक्षकाला इथली भाषा अजिबात येता कामा नये. मूल चहूबाजूंनी कोंडलं, की झक मारत इंग्रजीत ओरडतं. करारात तसं कलमच होतं. सर नियमाचे पक्के. दुकानात गेले की मुक्याने बोट दाखवत. वर्षभरात त्यांना इथल्या भाषेत साधं 'धन्यवाद'ही आलं नाही आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

क्लासच्या दारावर दोघांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर होता : 'आमच्या सरांच्या घरीही फक्त इंग्रजी!' मामीला इंग्रजीत 'थँक्यू' आणि 'गॅस सिलिंडर' एवढंच येत होतं. तिने क्लासात आलं की नुसतं हसावं, असा संचालकांचा निरोप होता. मामी हसे.

पण मामीने कुठल्या कागदावर सही केली नव्हती. पहिल्याच आठवड्यात ब्लाउजचा हुक तुटला म्हणून ती तळमजल्यावरच्या शिंपिणीकडे गेली आणि दोन तास बसली. महिन्याभरात ती बाजारात भाव करू लागली. पुढे एकदा कोबीवरून तिचं कडाक्याचं भांडण झालं आणि ती जिंकली, तेव्हा तिची तिलाच खात्री पटली, की भाषा आली. आसपासच्या बायका तिच्यापाशी आपापल्या सासवांची गाऱ्हाणी सांगत. बदल्यात त्यांना जाऊबाई तोंडपाठ झाल्या होत्या. या सगळ्यांची मुलं सरांच्या क्लासात. येता-जाता सगळे तो फलक वाचत. संचालकांना कुणी काही बोललं नाही. "हौसेने लावलाय," शिंपीण म्हणे, "राहू दे."

वर्ष संपत आलं तेव्हा शिंपीण तोंडात टाचण्या धरून म्हणाली, "तुमच्या संचालकांच्या मेहुण्याचा कोट शिवतेय. कोपरांवर चामड्याचे तुकडे लावा म्हणाला."

"ते कशाला?"

"मास्तर दिसायला."

"कुठे मास्तर होतोय?"

शिंपिणीने टाचण्या तोंडातून काढल्या. "तुम्हाला काहीच माहीत नाही?"

मामीने घरी येऊन सरांना सांगितलं. "तसं काही नसतं," सर म्हणाले. "पालक सभेत पालकच ठरवतील. शिस्तीची संस्था आहे."

सभेत सर आणि मामी पुढे बसले. संचालक मध्ये, दुभाषे म्हणून. पहिली शिंपीण उठली. "माझी मुलगी आता भावाशी इंग्रजीत भांडते. सरांनी जीव ओतून शिकवलंय."

संचालकांनी सरांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. सरांचा चेहरा उतरला.

"अहो, काय म्हणाला तो?" मामीने हळूच विचारलं.

"मुलीची काही प्रगती नाही म्हणे."

मामीने मान वळवून संचालकांकडे पाहिलं. ठरल्याप्रमाणे हसली.

मग बेकरीवाला उठला. "सर बोलतात फार, आणि विनोद एकच सांगतात. पण हेच सर हवेत."

"नवीन सर आणा म्हणतायत," सर पुटपुटले. "जाऊ दे. आपणच कुठेतरी कमी पडलो."

मामीने हेही गिळलं असतं. पण संचालक पालकांकडे वळून त्यांच्या भाषेत म्हणाले, "सरांची अडचण आपणही समजून घेऊ. त्यांच्या पत्नी रोज रडतात. त्यांना सासरची ओढ लागली आहे."

सभेतल्या सगळ्या बायकांनी एकदम मामीकडे पाहिलं.

मामी उभी राहिली. "मला कसलीही ओढ लागलेली नाही," ती त्यांच्याच भाषेत म्हणाली. "मेहुण्याचा कोट झालाय, तो घेऊन जा. आणि लोक काय बोलले, ते यांना नीट सांगा."

संचालकांनी घाबरून पालकांकडे बघितलं. पालक छताकडे बघत होते.

"बाई, पाव काढून ठेवलाय," बेकरीवाला म्हणाला. "जाताना घेऊन जा."

"यांना आपली भाषा येते?" संचालकांनी विचारलं.

"छे हो," शिंपीण म्हणाली. "त्यांच्या घरी फक्त इंग्रजी. तुम्हीच नाही का लिहिलंय?"

संचालकांनी बराच वेळ विचार केला. फलक अजून नव्यासारखा होता आणि खर्च करून केलेला होता. करार आणखी वर्षभरासाठी वाढला. कोट शिवून झालाच होता, म्हणून मेहुण्याला दाराशी चौकशीच्या टेबलावर बसवलं.

पाव घेऊन घरी जाताना सरांनी विचारलं, "शेवटी पालक माझ्याबद्दल नक्की म्हणाले तरी काय?"

"चांगलंच म्हणाले. उत्तम शिकवतात म्हणाले." मामीने पावाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "फक्त एक सुचवलं. सरांनी संध्याकाळी भाजी आणत जावी. त्याने शिकवण्यात जिवंतपणा येतो."

"असं म्हणाले?"

"बेकरीवाल्यांनी तर फार आग्रह धरला."

सरांनी यावर गांभीर्याने मान हलवली. पालकांच्या मताला त्यांनी आयुष्यभर किंमत दिली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात शिरून त्यांनी मुक्याने टोमॅटोकडे बोट दाखवलं.

"बाई, हे मऊ पडलेले उचलतायत," भाजीवाली मामीला म्हणाली. "सांगू का?"

"नको," मामी म्हणाली. "पहिलीच खेप आहे."

"काय म्हणाली ती?" सरांनी विचारलं.

"निवड चांगली आहे म्हणाली."